एका फेरीचा हिशोब: सायकलच्या चाकासाठी संवेदक निवडताना

सायकलच्या हँडलवर बसवलेल्या छोट्या पडद्यावर ‘१८’ हा आकडा दिसतो, तेव्हा प्रत्यक्षात मोजलेला असतो तो फक्त काळ. चाकाची एक फेरी पूर्ण व्हायला किती वेळ लागला एवढेच त्या यंत्राला कळते. टायरचा परीघ आपण आधीच त्यात भरून ठेवलेला असतो आणि परिघाला काळाने भागले की वेग मिळतो. रस्त्यावर धावणाऱ्या नेहमीच्या गिअरवाल्या सायकलच्या चाकाचा परीघ साधारण २.१ मीटर असतो. अशा चाकाची एक फेरी ०.४२ सेकंदात झाली, तर वेग सेकंदाला ५ मीटर, म्हणजेच ताशी १८ किलोमीटर होतो. त्यामुळे संवेदकाकडून (म्हणजे सेन्सरकडून) आपली मागणी अगदी साधी आहे: फेरी पूर्ण झाल्याचा क्षण त्याने नेमका सांगावा, एकही फेरी चुकवू नये आणि नसलेली फेरी मोजू नये. ही मागणी पुरी करताना मात्र चिखल, धक्के, बॅटरी आणि चुंबकाची मांडणी या सगळ्यांचा विचार करावा लागतो.

ही कल्पना इलेक्ट्रॉनिक्सपेक्षा जुनी आहे. अमेरिकेतील कर्टिस व्हीडर यांनी १८९५ साली सायकलच्या फेऱ्या मोजणाऱ्या यांत्रिक मापकाचे पेटंट घेतले. स्पोकला बांधलेली एक खुंटी दर फेरीला मापकाच्या चांदणीसारख्या दातेरी चाकाला टोला देई आणि आतली मोजणी थोडी पुढे सरके. आज त्या खुंटीच्या जागी चुंबक आला आहे आणि चांदणीच्या जागी संवेदक, पण ‘दर फेरीला एक टोला’ हे तत्त्व तसेच राहिले आहे.

संवेदक निवडण्यापूर्वी त्या टोल्याचा उपयोग कसा करायचा हे ठरवावे लागते, कारण नवशिक्यांची पहिली चूक इथेच होते. दर सेकंदाला किती टोले पडले ते मोजायचे, ही पद्धत सुचायला सोपी आहे. परंतु ताशी १८ किलोमीटर वेगाने सेकंदाला सुमारे २.४ फेऱ्या होतात, म्हणजे मोजणीत कधी २ येतील तर कधी ३. एका टोल्याचा फरक ताशी साडेसात किलोमीटरचा असल्याने पडद्यावरचा आकडा १५ आणि २२ यांच्यात उड्या मारत राहतो. याउलट दोन टोल्यांमधला काळ मिलिसेकंदांत मोजला, तर ४२० मिलिसेकंदांत एका मिलिसेकंदाची चूक म्हणजे पाव टक्क्याहूनही कमी चूक होते. संवेदक तोच, चुंबक तोच आणि तरीही मापन कितीतरी पटींनी सुधारते. महागडा संवेदक घेण्याआधी मोजण्याची पद्धत तपासावी असे मी आग्रहाने सांगतो, ते यामुळेच.

आता प्रत्यक्ष संवेदकांकडे वळू. सायकलसाठी सर्वांत रुळलेला पर्याय म्हणजे रीड स्विच. १९३६ साली बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमध्ये वॉल्टर एलवूड यांनी तो घडवला. भिंगाखाली पाहिला तर तांदळाच्या लांबट दाण्याएवढ्या काचेच्या नळीत लोह-निकेलच्या दोन चपट्या पात्या समोरासमोर दिसतात. त्यांची टोके एकमेकांवर थोडी आलेली असतात, पण मध्ये केसाएवढी फट असते. नळीत निष्क्रिय वायू भरून ती दोन्ही टोकांना वितळवून बंद केलेली असते, त्यामुळे पावसाचे पाणी किंवा धूळ संपर्कबिंदूंपर्यंत पोहोचत नाही. चुंबक जवळ आला की दोन्ही पात्या चुंबकित होतात, परस्परांना ओढून चिकटतात आणि विद्युतमंडल पूर्ण होते. शांत खोलीत नळी कानाजवळ धरून चुंबक हळूहळू जवळ आणला, तर पात्या मिटल्याचा अगदी बारीक ‘टिक’ असा आवाज ऐकू येतो. चुंबक दूर नेताना तो आवाज पुन्हा येतो, पण पहिल्यापेक्षा थोड्या जास्त अंतरावर. मिटण्याचे आणि उघडण्याचे अंतर वेगळे असणे हा दोष वाटत असला तरी तो मोठा गुण आहे. चुंबक काठावर थरथरत असताना स्विचची सारखी उघडझाप होत नाही, ती या फरकामुळेच.

रीड स्विचचा दुसरा गुण असा की त्याला स्वतःला वीज लागत नाही. सीआर२०३२ या नाण्यासारख्या सेलवर सायकलचा मापक महिनोन्‌महिने चालतो, त्याचे बरेचसे श्रेय या पात्यांना जाते. एक बारकावा मात्र ध्यानात ठेवावा. सायकल उभी करताना चुंबक नेमका संवेदकासमोर थांबला, तर स्विच रात्रभर मिटलेला राहतो आणि त्याला जोडलेल्या रोधातून (रेझिस्टरमधून) प्रवाह वाहत राहतो. १० किलोओहमचा रोध वापरला असेल तर ३ व्होल्टच्या सेलमधून सतत ०.३ मिलिअँपिअर जातात आणि साधारण २२० मिलिअँपिअर-तासांचा तो सेल महिनाभरात रिकामा होतो. रोध १ मेगाओहमचा घेतला की हाच प्रवाह शंभरपट कमी होतो.

रीड स्विचचे दोष समजून घेण्यासारखे आहेत, कारण ते फार फसवे असतात. पात्या मिटताना एकमेकींवर आपटून क्षणभर उसळतात, त्यामुळे एका फेरीत चारपाच टोले पडल्याचा भास मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे टोले मोजणाऱ्या चिपला होतो. यावरचा उपाय सर्वांना ठाऊक आहे: एक टोला आला की पुढचे ५० मिलिसेकंद येणारे सर्व टोले दुर्लक्षित करायचे. खरी फेरी इतक्या कमी वेळात होण्यासाठी सायकलला ताशी १५० किलोमीटर धावावे लागेल, तेव्हा खरा टोला गाळला जाण्याची भीती नाही.

माझ्या स्वतःच्या सायकलवर हा उपाय केल्यानंतरही एक विचित्र प्रकार घडला. चालवताना आकडा अगदी बरोबर येई, पण गर्दीत उतरून सायकल हाताने हळू ढकलत नेऊ लागलो की पडद्यावर मधूनच ‘१२६’ झळके. तार सैल असावी असे समजून मी दोनदा डाग दिला आणि काहीच फरक पडला नाही. कारण निघाले चुंबकाच्या मांडणीत. चुंबक समोरून जाताना रीड स्विच एकाच ठिकाणी मिटतो असे आपण गृहीत धरतो. परंतु पात्यांच्या संदर्भात चुंबकाची दिशा कशी आहे यावर तो एका फेरीत एकदा, दोनदा किंवा तीनदाही मिटू शकतो, कारण चुंबकीय क्षेत्राचा पात्यांना समांतर असलेला भाग मध्ये शून्य होऊन पुन्हा वाढतो. माझ्या चुंबकाचे असे दोन प्रभावी पट्टे सुमारे १८ मिलिमीटर अंतरावर होते. वेगात ते अंतर काही मिलिसेकंदांत ओलांडले जाई आणि दुसरा टोला ५० मिलिसेकंदांच्या बंदीत गाळला जाई. हळू ढकलताना मात्र तेच अंतर ओलांडायला ६० मिलिसेकंद लागत, दुसरा टोला बंदीबाहेर पडे आणि २.१ मीटरला ०.०६ सेकंदांनी भागून यंत्र ताशी १२६ किलोमीटर असे प्रामाणिक उत्तर देई. चुंबक ९० अंशांत फिरवून बसवला आणि प्रश्न मिटला. तेव्हापासून मी आज्ञावलीतही बदल केला आहे: बंदीचा काळ स्थिर न ठेवता आधीच्या फेरीच्या काळाच्या एकतृतीयांश ठेवतो, कारण सायकल एका फेरीत आपला वेग तिप्पट करू शकत नाही.

चुंबक स्पोकवर कुठे बसवावा यालाही शास्त्र आहे. ताशी १८ किलोमीटर वेगाने टायरचा पृष्ठभाग सेकंदाला ५ मीटर सरकतो, परंतु हबपासून २० सेंटिमीटरवर बसवलेला चुंबक सेकंदाला ३ मीटरच सरकतो. संवेदकाला त्याची जाणीव दीड सेंटिमीटरभर होत असेल, तर तो ५ मिलिसेकंद समोर राहतो. चुंबक हबकडे सरकवला की हा काळ वाढतो आणि रिमकडे नेला की घटतो. चांगला रीड स्विच एक मिलिसेकंदाच्या आत मिटतो, म्हणून उतारावर ताशी ७० किलोमीटर गाठले तरी तो फेरी चुकवत नाही. पण चुंबक आणि संवेदक यांच्यातले अंतर वाढले की जाणिवेचा पट्टा अरुंद होतो आणि फेऱ्या गळू लागतात. अशा वेळी वेग अचानक निम्मा दिसतो. निम्मा दिसणे हे गळतीचे आणि भलताच जास्त दिसणे हे दुहेरी मोजणीचे लक्षण, एवढे ओळखता आले तरी निम्मी दुरुस्ती होते.

पात्या झिजण्याची काळजी नको असेल, तर हॉल संवेदक हा पर्याय पुढे येतो. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एडविन हॉल या विद्यार्थ्याने १८७९ साली सोन्याच्या पातळ वर्खातून प्रवाह नेला, त्याला काटकोनात चुंबकीय क्षेत्र लावले आणि वर्खाच्या दोन कडांमध्ये सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होत असल्याचे दाखवले. आज तोच परिणाम अर्धवाहकाच्या इवल्याशा तुकड्यात वापरला जातो. त्यात हलणारा भाग नसतो, उसळी नसते आणि मिळणारा टोला स्वच्छ असतो. तरीही दुकानात जाऊन ‘एक हॉल सेन्सर द्या’ एवढेच म्हणणे धोक्याचे आहे, कारण या नावाखाली तीन वेगळ्या स्वभावांच्या वस्तू मिळतात.

पहिला प्रकार साध्या स्विचचा. चुंबकाचा ठरावीक ध्रुव जवळ आला की तो चालू होतो आणि दूर गेला की बंद. प्रकल्पांमध्ये सर्रास दिसणारा ए३१४४ हा याच जातीचा. आपल्या कामाला तो योग्य आहे, पण त्याला किमान साडेचार व्होल्ट लागतात आणि तो सतत सुमारे ४ मिलिअँपिअर प्रवाह खातो. त्या हिशोबाने नाण्याच्या सेलएवढा साठा सव्वादोन दिवसांत संपेल. इ-सायकलच्या मोठ्या बॅटरीवर याचे काहीच वाटत नाही, साध्या सायकलवर मात्र ते परवडत नाही. दुसरा प्रकार ‘लॅच’चा. तो दक्षिण ध्रुवाने चालू होतो आणि उत्तर ध्रुव समोर येईपर्यंत चालूच राहतो. मोटरच्या आत उत्तर-दक्षिण ध्रुव आलटून पालटून फिरत असल्याने तिथे तो उत्तम ठरतो. सायकलच्या स्पोकवर एकच चुंबक असेल, तर पहिल्या फेरीला एक टोला मिळतो आणि नंतर कायमची शांतता. ती पाहून अनेक विद्यार्थी संवेदक जळाला असे समजतात. विरुद्ध ध्रुव बाहेर करून दुसरा चुंबक समोरच्या स्पोकवर बसवला की तोच ‘जळालेला’ संवेदक व्यवस्थित काम करू लागतो.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा आहे, कारण कागदावर तो आदर्श दिसतो. अत्यल्प वीज वापरणारे हे संवेदक बराच वेळ झोपलेले असतात आणि सेकंदाला ५ किंवा २० वेळा क्षणभर जागे होऊन चुंबक आहे का ते पाहतात. लॅपटॉपचे झाकण किंवा मोबाइलचे कव्हर मिटले की नाही हे ओळखायला हे पुरेसे आहे. आपला चुंबक मात्र ताशी १८ किलोमीटर वेगाने फक्त ५ मिलिसेकंद समोर असतो आणि संवेदक दर ५० मिलिसेकंदांनी डोळे उघडतो. म्हणजे दहा फेऱ्यांपैकी सरासरी एक फेरी त्याला दिसेल. घेण्यापूर्वी माहितीपत्रकात नमुने घेण्याची वारंवारता पाहण्याची सवय लावून घ्यावी.

प्रकाशावर चालणारे संवेदक, म्हणजे स्पोक किंवा छिद्रांची चकती मध्ये आल्यावर अवरक्त किरण अडणे, प्रयोगशाळेतील टेबलावर सुरेख चालतात. आषाढातल्या चिखलाच्या रस्त्यावर त्यांची काच पहिल्याच फेरफटक्यात माखते आणि उन्हाळ्यात थेट उन्हातील अवरक्त किरणे त्यांना गोंधळवतात. सायकलसाठी मी ते सुचवणार नाही. तारेच्या वेटोळ्याचा संवेदक जुन्या मोटारींच्या चाकांवर असे. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे त्यात निर्माण होणारा विद्युतदाब वेगाच्या प्रमाणात असल्याने चालण्याच्या गतीला तो जवळजवळ मुका होतो.

याच तत्त्वाचे एक देखणे रूप मात्र अनेक सायकलींवर आधीपासूनच असते, ते म्हणजे हबमध्ये बसवलेला डायनॅमो. दिव्यासाठी ६ व्होल्ट, ३ वॉट वीज देणाऱ्या या जनित्रांपैकी अनेकांत २८ चुंबकीय ध्रुव असतात, म्हणजे चाकाच्या एका फेरीत प्रत्यावर्ती प्रवाहाची १४ आवर्तने होतात. वारंवारता मोजली की दर १५ सेंटिमीटरला एक टोला मिळाल्यासारखे होते. वेगळा चुंबक नको, वेगळी बॅटरी नको आणि संवेदक हबच्या कवचात सुरक्षित. ज्यांच्याकडे असा हब आहे त्यांनी दुसरा संवेदक शोधूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गेल्या काही वर्षांत चुंबकाशिवाय चालणारे संवेदक आले आहेत. रबरी पट्ट्याने हबवर बांधायचे आणि विसरून जायचे. आतील इलेक्ट्रॉनिक चकती चाकाबरोबर स्वतः फिरते. तिच्यातील त्वरणमापीला (त्वरण मोजणाऱ्या चिपला) गुरुत्वाकर्षणाची दिशा दर फेरीला एकदा पूर्ण फिरून येताना जाणवते आणि ती लाट मोजून फेऱ्या कळतात. असा संवेदक हबवरच का, रिमवर का नाही? ताशी ३६ किलोमीटर वेगाला अक्षापासून २ सेंटिमीटरवर अभिकेंद्री त्वरण, म्हणजे फिरण्यामुळे केंद्राच्या दिशेने होणारे त्वरण, गुरुत्वत्वरणाच्या १.८ पट असते, तर ३० सेंटिमीटरवर ते २७ पट होते. प्रचलित त्वरणमापी १६ पटीपर्यंतच मोजू शकतात, म्हणजे रिमवर तो केव्हाच हात टेकतो. जायरोस्कोप वापरून फिरण्याचा वेग थेट मोजावा असेही मनात येते, परंतु छंदप्रकल्पांत लोकप्रिय असलेल्या एमपीयू-६०५० या चिपची कमाल मर्यादा सेकंदाला २००० अंश आहे. आपल्या चाकासाठी ती मर्यादा ताशी ४२ किलोमीटर होते. सपाट रस्त्यावर ती खुशाल चालेल, पण घाट उतरताना आकडा ४२ वर अडकून बसेल.

उपग्रहांवरून मिळणारा वेगही उपलब्ध आहेच आणि मोकळ्या माळावर तो चांगला असतो. परंतु साधा मोबाइल सेकंदाला एकदाच स्थान सांगतो. दाट झाडीत त्याचा आकडा भरकटतो आणि पुण्याजवळच्या जुन्या कात्रज बोगद्यात शिरल्यावर तो गप्पच होतो. चाकावरच्या चुंबकाला बोगद्याचे सोयरसुतक नसते.

आता एक प्रश्न उरतो: एका फेरीत एक टोला पुरेसा असतो का? सायकलस्वाराला वेग दाखवायचा असेल तर निश्चित पुरतो. भारतात आणि युरोपात साध्या इ-सायकलच्या मोटरचे साहाय्य ताशी २५ किलोमीटरला थांबावे लागते. त्या वेगाला दर ०.३ सेकंदाने टोला येतो आणि तेवढ्यावर ते काम भागते. ब्रेकची गोष्ट निराळी. ओल्या रस्त्यावर पुढचे चाक सेकंदाच्या एका अंशात जाम होऊ शकते आणि ०.४२ सेकंदांत सायकल दोन मीटर घसरलेली असते. १९७८ मध्ये मोटारींसाठी चाक जाम न होऊ देणारी ब्रेकप्रणाली बाजारात आणणाऱ्या बॉश या जर्मन कंपनीने २०१७ मध्ये इ-सायकलसाठीची प्रणाली सादर केली, तेव्हा तिच्यात प्रत्येक चाकावर छिद्रांची चकती आणि तिच्यासमोर संवेदक दिला, तो याच कारणासाठी. घरगुती प्रयोगात जास्त टोले मिळवण्यासाठी स्पोकवर चार-सहा चुंबक लावले जातात. मात्र स्पोकवरची अंतरे डोळ्यांच्या अंदाजाने कधीच सारखी होत नाहीत. म्हणून लागोपाठच्या दोन चुंबकांमधला काळ न घेता त्याच चुंबकापासून त्याच चुंबकापर्यंतचा काळ घ्यावा. वाचन प्रत्येक चुंबकाला नवे मिळते आणि असमान अंतराची चूक आपोआप नाहीशी होते.

टोला न येणे हीसुद्धा माहिती असते, हे बहुतेक घरगुती आज्ञावल्या विसरतात. सायकल थांबली की पुढचा टोला येतच नाही आणि पडद्यावर शेवटचा आकडा गोठून राहतो. शेवटच्या टोल्यानंतर एक सेकंद उलटला असेल, तर वेग सेकंदाला २.१ मीटरपेक्षा, म्हणजे ताशी साडेसात किलोमीटरपेक्षा जास्त असणे शक्य नाही. दोन सेकंदांनी ही मर्यादा निम्मी होते. त्या मर्यादेनुसार आकडा उतरवत नेला आणि चार सेकंदांनी शून्य दाखवले की यंत्र सुजाण वाटू लागते.

ब्लूटूथवरून मोबाइलशी बोलणारे संवेदक वेग पाठवतच नाहीत. ते आतापर्यंतच्या एकूण फेऱ्या आणि शेवटच्या फेरीची वेळ पाठवतात. ही रचना फार विचारपूर्वक केलेली आहे, कारण मधला एखादा संदेश हरवला तरी अंतराचा हिशोब चुकत नाही. वेळ सेकंदाच्या १०२४व्या भागात मोजली जाते आणि ती साठवायला १६ बिटच असल्याने घड्याळ दर ६४ सेकंदांनी शून्यावर येते. सिग्नलला थांबल्यामुळे दोन फेऱ्यांमध्ये नेमके ६४.३ सेकंद गेले, तर मोबाइलला ०.३ सेकंदच गेल्यासारखे वाटते आणि निघताक्षणी ताशी २५ किलोमीटर दिसतात. ॲप लिहिणाऱ्याने मधल्या शांततेची नोंद ठेवली की हे टळते.

संवेदक कितीही चांगला असला तरी परीघ चुकला तर सगळेच चुकते. टायरच्या बाजूवर कोरलेले आकडे पाहावेत. २५-६२२ म्हणजे २५ मिलिमीटर रुंद टायर आणि ६२२ मिलिमीटर व्यासाची बैठक. आपली जुनी २८ इंची काळी सायकल ४०-६३५ या मापाची असते आणि तिचा परीघ सव्वादोन मीटरच्या आसपास भरतो. तिच्यावर २.१ मीटर भरून ठेवले, तर १०० किलोमीटरच्या प्रवासात यंत्र सहा-सात किलोमीटर कमी दाखवेल. आकड्यांवरून काढलेला परीघ हा अंदाजच असतो, कारण स्वाराच्या वजनाने टायर दबतो. खात्रीचे माप घ्यायचे तर हवा नेहमीइतकी भरावी, पुढच्या टायरवर आणि त्याखाली फरशीवर खडूने एकेक रेघ मारावी, सायकलवर बसून कुणाला तरी बाजूने धरायला सांगावे आणि चाक सरळ रेषेत पाच फेऱ्या पुढे न्यावे. टायरवरची रेघ पाचव्यांदा जमिनीला टेकेल तिथे दुसरी रेघ मारून दोन्हींमधले अंतर टेपने मोजावे आणि त्याला पाचाने भागावे.